‘समाप्त’च्या खाली

विमला : उशाखाली नका बघू, भावजी. तिथं नाही ते. तेराव्यानंतर ती गादीच काढून टाकली मी.

दत्ताराम : मग खंय ठेवलं, वैनी? वाचनालयाचं पुस्तक ते. काशीराम परवा नाक्यावर भेटला तर म्हणतो, भाऊराव गेले त्याचं वाईट वाटलं, पण पुस्तकाचं काय?

विमला : देव्हाऱ्यात आहे. पोथीच्या खाली.

दत्ताराम : देव्हाऱ्यात? ‘माळ्यावरचा मुडदा’?

विमला : नाव कशाला घेता तिथं उभं राहून! लाल कापडात गुंडाळून ठेवलंय, विठोबाला काही दिसत नाही. ह्यांच्या हातात शेवटी तेच होतं. मग कुठं ठेवणार? कपाटात, चादरींच्या खाली?

दत्ताराम : तसं नाही गे वैनी. मी आपलं सहज...

शकु : काकू, आमटी आणलीय, वाटी घ्या. अरे, दत्ताकाका! कुठे गायब होता यार तुम्ही? मी कालच काकूंना म्हटलं, रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून खुनाच्या गप्पा ऐकायची सवय लागलेली. आता नुसता नळाचा आवाज येतो.

विमला : बस गं शकु. भावजी, तुम्हीपण बसा. ह्यांच्या खाटेपाशी असं पाहुण्यासारखं उभं राहायचं का?

दत्ताराम : बसत नाही. घाटकोपरला रात्रपाळी आहे. पुस्तक घेतो नि निघतो... म्हणजे, घेऊन जायचंच असं नाही. एक काम होतं. सांगायला जरा कसंतरीच वाटतं.

शकु : सांगा ना. आम्ही काय परक्या आहोत?

दत्ताराम : तू हसशील.

शकु : नाही हसत. आईशप्पथ.

दत्ताराम : त्यातलं शेवटचं प्रकरण वाचायचं होतं. भाऊच्या फोटोसमोर बसून. मोठ्यानं.

शकु : गरुडपुराण वाचतात तसं?

दत्ताराम : बघ. हसलीस.

शकु : सॉरी काका. पण खरंच, मयत माणसाला खुनी कोण ते सांगणार तुम्ही?

दत्ताराम : तुला नाही कळायचं. आमचा दोघांचा कायदा होता. वाचनालयात कारखानीसच्या पुस्तकाची एकच प्रत येते, दिवाळीच्या दिवाळीला. डिटेक्टिव्ह अनंत कारखानीस. पहिल्या वर्षी त्या एका प्रतीवरून आम्ही दोघं काउंटरवर भांडलो. मी एका बाजूनं ओढतो, तो दुसऱ्या. तिथंच ओळख झाली. मग ठरलं, एक वर्ष मी आधी वाचणार, एक वर्ष तो. आणि आधी वाचेल त्यानं खुन्याचं नाव तोंडातून काढायचं नाही. दुसऱ्यानं पुस्तक मिटलं की मग काय ते बोलायचं.

विमला : मी ऐकलाय ना तो कायदा. चहा गार व्हायचा पण कायदा मोडायचा नाही.

दत्ताराम : यंदा माझी पाळी आधी होती. मी वाचून त्याला दिलं, तर हा आजारी पडला. रोज ड्यूटीवर जाताना यायचो मी नि दारातूनच विचारायचो, खंय पावलंस? तर तो म्हणायचा, दत्त्या, आज दोनच पानं झाली, डोळा लागतो रे. आणि वर सांगायचा, खुनी तो कंपौंडर, लिहून ठेव! मी पोट धरून हसायचो. कंपौंडर! बिचारा कंपौंडर, त्याचा खुनाशी काय संबंध! शेवटच्या दिवशीपण विचारलं मी. खंय पावलंस, भाऊ? तर म्हणाला, कंपौंडरच्या मागावर आहे. मी निघालो, आणि पहाटे निरोप आला. गेला माणूस, खुनी न कळताच गेला. एवढं वाचलं त्यानं आयुष्यभर, नि शेवटचंच अर्धं राहिलं. वैनी, तुमच्या कीर्तनात बुवा पूर्वरंग करून उठून गेले तर चालेल?

विमला : नाही चालायचं. आरती झाल्याबिगर तर श्रोतासुद्धा उठत नाही.

दत्ताराम : तेच म्हणतो मी. हा आरतीआधीच उठला. माझ्या जिवाला ते टोचत राहिलंय. म्हटलं, शेवटचं प्रकरण तेवढं ऐकवून टाकूया. ऐकेल की नाही, देव जाणे.

शकु : मला तर बाबा समजतच नाही, एका नावात असं काय आहे? मी आधी शेवटचं पान वाचते, मग पुस्तक घ्यायचं का नाही ते ठरवते.

दत्ताराम : अरे देवा! शेवट कळला तर मग राहिलं काय त्यात? चोथा!

विमला : असं कसं हो? प्रल्हाद वाचणार हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. तरी बुवांनी खांब फुटायचा प्रसंग घेतला की माझा पदर भिजतोच. शेवट ठाऊक असून बसतो तोच खरा श्रोता. शेवट ऐकायला आलेला माणूस प्रसाद घ्यायला आलेल्यासारखा. हातावर पडला की चपला शोधायला लागतो.

शकु : झकास! काका, बोला आता.

दत्ताराम : कीर्तन वेगळं, कारखानीस वेगळा. असो. घ्या बघू ते पुस्तक खाली. वाचतो नि जातो.

विमला : देते. पण तुम्ही जिवाला एवढं लावून घेऊ नका. ह्यांचा जीव काही त्या माळ्यावरच्यात अडकला नव्हता. अडकला होता तो त्या पुढच्या दीपगृहात. म्हणायचे, विमल, दिवाळीला दीपगृहाचं पुस्तक निघेल नि माझी पाळी आधी आहे, पण तोवर काही मी राहत नाही. दत्त्यालाच दोन्ही वेळा पहिलं वाचायला मिळणार, लेकाचा नशीबवान!

शकु : असं बोलायचे काका? मग तुम्ही काय म्हणायचात?

विमला : मी काय म्हणणार. ह्यांचे पाय चेपत बसायचे मी.

दत्ताराम : एक मिनिट, मंडळी.

शकु : हे काय आता?

विमला : तो त्यांचा कारखानीस म्हणतो तसं, काही सापडलं की. ह्यांनाही लागली होती ती खोड. दुधात पाणी दिसलं तरी एक मिनिट, मंडळी.

दत्ताराम : वैनी, दीपगृहाचं तुम्हाला कुणी सांगितलं?

विमला : ह्यांनीच की.

दत्ताराम : त्याला कुणी सांगितलं?

विमला : आता ते मला काय माहीत? काशीरामनं सांगितलं असेल.

दत्ताराम : काशीराम पुस्तकाचा नुसता नंबर वाचतो. आणि मी सांगितलेलं नाही. ते पुस्तक द्या इकडे. शकु, हे बघ. शेवटचं पान. वरची ओळ वाचू नको, वर हात ठेवलाय मी. खाली बघ. ‘समाप्त’. आणि त्याच्या खाली, एवढ्याशा अक्षरात?

शकु : ‘डिटेक्टिव्ह अनंत कारखानीस यांचे पुढील साहस, दीपगृहातील किंकाळी. येत्या दिवाळीत.’ आयला!

दत्ताराम : जगात दुसरीकडे कुठे हे छापलेलं मी पाहिलं नाही. इथपर्यंत जो आला, त्यालाच दीपगृह ठाऊक. वैनी?

विमला : चहा टाकते मी.

दत्ताराम : वैनी, चहा नको. भाऊनं पुस्तक संपवलं होतं?

विमला : ...व्हय.

दत्ताराम : कधी?

विमला : गणपतीत. गौरी जेवल्या त्या दुपारी. पुस्तक छातीवर ठेवलं आणि बराच वेळ पंख्याकडे बघत पडले. मी म्हटलं, झालं का? सापडला का खुनी? तर म्हणाले, सापडला. पण दत्त्याला सांगायचं नाही. संपलं म्हणून सांगितलं तर एक दिवस बोलेल, पुस्तक काखेत मारेल आणि उद्यापासून यायचा बंद होईल.

दत्ताराम : असा कसा बंद होईन? आजारी माणूस इथं, नि मी...

विमला : आला असतात? खरं सांगा. कामाशिवाय कुणाच्या दारात टेकणारा माणूस तुम्ही नाही. साधा चहा घ्यायचा तर दहा वेळा नको म्हणता. ह्यांनी नुसतं बसायला ये म्हटलं असतं, तर तुम्ही म्हणाला असता, आजाऱ्याला कशाला त्रास.

शकु : हे मात्र शंभर टक्के, काका.

विमला : संपात गिरणी गेली, तुमची मालन पोरांना घेऊन कणकवलीला गेली, तेव्हापासून तुमची खोली कशी आहे ते ह्यांनी एकदा बघितलं होतं. घरी येऊन जेवले नाहीत त्या दिवशी. म्हणाले, विमल, एक ताट, एक पेला, आणि भिंतीवरचं कॅलेंडर मागच्या वर्षीचं. दत्त्याला हसायला आपलं हे एकच ठिकाण उरलंय.

दत्ताराम : म्हणजे तो कंपौंडर...

विमला : कंपौंडर तुमच्यासाठी होता. बुवा नाही का, श्रोता एखाद्या चरणावर डुलायला लागला की तोच चरण परत परत आळवतात? तसं. तुम्ही जिना चढताना दिसलात की मला म्हणायचे, आण ते पुस्तक, मधलं कुठलंतरी पान उघडून दे माझ्या हातात.

दत्ताराम : आणि मला वाटायचं, मी त्याच्यापासून लपवतोय. शेवट मला ठाऊक नि त्याला नाही, म्हणून मी कसा मिशीत हसायचो! माझ्यावर हसत असेल तो मनात.

विमला : नाही हो. तुम्ही हसायचात. ते नुसते बघायचे.

(दत्ताराम पुस्तक मिटतो, पुन्हा उघडतो. इतकी वर्षं कारखानीसच्या पाठोपाठ खुन्यांचा माग काढत हिंडलेला हा गडी, आणि रोज ज्या खाटेच्या कडेला टेकत होता तिथली गोष्ट त्याला दिसली नव्हती. बाहेर गॅलरीत कुणीतरी बादली सरकवतं. शकु वाटीवरचं झाकण उगाच नीट करते.)

शकु : काका, पाणी देऊ?

दत्ताराम : नको गं. निघतो मी. आता वाचायचं काय? आरती झालेली त्याची. मीच बाहेर चपला घालून उभा होतो. दिवाळीत ते दीपगृह येईल. मी वाचीन. नि मग कुणाच्या दारात जाऊन विचारू, खंय पावलंस म्हणून?

शकु : काकूंना विचारा ना.

विमला : मी कुठं असणार, शकु? भाऊबीज झाली की जयंती येतेय मला न्यायला. नाशकाला. ही खोली देऊन टाकू म्हणते. लेकीचं घर आहे, प्रेमानं नेतेय, नाही कसं म्हणू? तिथंही कीर्तनं होत असतील.

दत्ताराम : होतात. नाशकाला काय, भरपूर होतात.

विमला : व्हय. होत असतील.

शकु : ओ, ते नाशकाचं नका ना बोलू. मला कसंतरी होतंय.

दत्ताराम : पुस्तक नेऊ ना, वैनी? काशीरामला काय सांगू?

विमला : सांगा, वाचून व्हायचंय अजून.

दत्ताराम : कुणाचं?

विमला : माझं. ह्यांनी मला खुनी सांगितलाच नाही. विचारलं तर म्हणाले, शेवट दत्त्याजवळ ठेवलाय. मला चष्मा लावूनसुद्धा बारीक टाइप दिसत नाही. आणि इतकी वर्षं तुमच्या दोघांच्या गप्पांतून मला नुसती मधली मधली प्रकरणं कळली. पहिलं प्रकरण मी एकाही पुस्तकाचं ऐकलेलं नाही, भावजी. तुम्ही यायचात तेव्हा मुडदा आधीच पडलेला असायचा.

शकु : मीपण बसणार! मी इथं उंबऱ्यात बसून तांदूळ निवडते. दार सताड उघडं. बिल्डिंगमध्ये कुणाला बोलायचं असेल त्यानं आधी माझ्याशी बोलावं.

दत्ताराम : आता? माझी ड्यूटी...

विमला : रोज ड्यूटीच्या आधीच यायचात ना? अजून उजेड आहे. बसा. तिथं नको, खाटेवर बसा. हे भिंतीकडे सरकून तुम्हाला जागा करायचे, तिथं.

दत्ताराम : शकु, तू शेवटचं पान उघडशील.

शकु : नाही उघडत. आईशप्पथ.

दत्ताराम : मघाशीपण तुझी आईशप्पथच होती. बरं. ‘माळ्यावरचा मुडदा’. प्रकरण पहिलं. फोटोकडे तोंड करून बसू, वैनी?

विमला : माझ्याकडे करून बसा. ह्यांना ठाऊक आहे सगळं.

दत्ताराम : मोठ्यानं वाचू?

विमला : मोठ्यानं. पण हळू वाचा, भावजी. भाऊबीजेला वेळ आहे अजून.