पेज म्हणजे पाणीच

अगं, माझी आख्खी रात्र एकाच काळजीत गेली: ती गिळायची कॅमेऱ्याची गोळी मनूच्या पोटात अडकली तर? सात वर्षांच्या पोरीच्या पोटात कुठून रक्त जातंय, ते त्या गोळीनंच दिसणार होतं. आदल्या दिवसापासून जेवण बंद. पोट साफ करायचं औषध मीच मिनतवाऱ्या करून पाजलं.

नागपूरला डॉक्टरांनी विचारलं, "काही खाल्लं नाही ना?"

"नाही," मी ठामपणे म्हणाले.

मनू म्हणाली, "सकाळी आजीनं पेज देल्ली. म्हणे, हे त पाणीच होय."

भात पिकवणारं घर आमचं, पेज कुणी खाण्यात धरतच नाही. मी पाहिलं असतं, तरी अडवलं असतं का, कोण जाणे.

डॉक्टरांनी गोळी ठेवून दिली. "आता आतलं नीट दिसणार नाही. पुन्हा तयारी करून या."

मी बाकावर बसले. मनूनं पदर ओढला, "आई, आजीले सांगू नोको. थे रडन."