आधीच्या मालकाची सही

ताई: हात बाजूला घे आधी. मशीन चालू आहे.

भाऊ: एवढी घाई करू नकोस म्हणतोय मी. पिंजऱ्याचं अस्तर आज नाही झालं तरी चालेल.

ताई: कालच तुझ्या बायकोनं फोनवर मापं दिली. तळाला पाणी शोषणारं कापड, दोन थर, नाहीतर विमानात घेत नाहीत म्हणाली. उद्या बोक्याच्या परवान्याचा अर्ज भरायची शेवटची तारीख, महिन्याभरात तुम्ही परदेशी निघणार. आणि तू म्हणतोस घाई नको?

भाऊ: मुकादम बहुतेक येणार नाही आमच्याबरोबर.

ताई: का? आजारी आहे बोका?

भाऊ: ठणठणीत आहे. कागद अडलाय. त्याच्या मानेत तांदळाच्या दाण्याएवढी चिप आहे, तुला माहितीये. तिच्यावर मालक म्हणून अजून हिच्या पहिल्या नवऱ्याचं नाव आहे. आमच्या लग्नाला चार वर्षं झाली, बोका आमच्या घरी राहतो, आमचं खातो, आणि डॉक्टरांनी मानेवरून यंत्र फिरवलं की पडद्यावर नाव त्या फ्रेमवाल्याचं. चिपवरचा मालक आणि परवाना मागणारा माणूस एकच लागतो. नाव बदलायचं तर आधीच्या मालकाची सही हवी.

ताई: मग घ्यायची सही. लस टोचली, रक्त तपासायला पाठवलं, वर तीन महिने थांबलात. आणि आता एका सहीपाशी अडलात?

भाऊ: तो नाही म्हणाला.

ताई: कुणाला?

भाऊ: मला. मीच गेलो होतो त्याच्या दुकानात.

ताई: त्याचं नाव काढलं तरी तुला ठसका लागतो. तू कसा गेलास?

भाऊ: मग काय तिला पाठवू? दवाखान्यात ते नाव निघालं तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या, यांचा नंबर आहे का. ही सांगून मोकळी. सगळे आकडे, न अडखळता. माझा नंबर अजून फोनमध्ये बघून सांगते.

ताई: वर्षानुवर्षं तोच नंबर सांगत होती ती. जिभेला लागलेली सवय एवढ्यात जात नाही. बरं, का नाही म्हणाला तो?

भाऊ: असंच. जमणार नाही म्हणाला.

ताई: माझ्याकडे बघून सांग.

भाऊ: सांगितलं ना.

ताई: फरशीकडे बघून सांगितलंस. लहानपणी माझी कात्री मोडून कपाटामागे टाकलीस, तेव्हाही असाच फरशीकडे बघत होतास.

भाऊ: केली त्यानं सही.

ताई: काय म्हणालास?

भाऊ: एकोणीस दिवस झाले. कागद या माझ्या दुरुस्तीच्या बॅगेत आहे. हत्यारांच्या कप्प्यात, एक्स-रे मशीनच्या माहितीपुस्तकात घालून ठेवलाय.

ताई: थांब, मशीन बंद करते. हं. आता पहिल्यापासून सांग.

भाऊ: मी ठरवूनच गेलो होतो, तो वाकडं बोलला की आपणही दोन ऐकवायची. दुकान एवढंसं. भिंतभर चौकटी, एकीतही चित्र नाही. तो काच कापत होता. मी कोण ते सांगितलं, तर त्यानं हात पुसले, मला स्टूल दिलं, कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि सही केली. तारीखसुद्धा घातली. भांडायला जागाच ठेवली नाही मेल्यानं. मी उठलो, तर म्हणाला, निघायच्या आधी जंताची गोळी द्यावी लागते, ती तुम्ही द्या. तिला नका लावू द्यायला. बोका धडपडतो आणि तिला रडू येतं.

ताई: मग? भल्यासाठीच सांगितलं की.

भाऊ: ताई, चार वर्षांत ती माझ्यासमोर एकदाही रडलेली नाही. तिचे वडील गेले तेव्हासुद्धा बाथरूममध्ये नळ सोडून बसली होती आणि मी बाहेर टॉवेल घेऊन उभा. आणि हा मला सांगणार, ती कशानं रडते. घरी पोचेपर्यंत डोक्यात तेवढंच. दार उघडल्या उघडल्या तिनं विचारलं, केली का सही? तोंडातून ‘नाही’ निघून गेलं.

ताई: तोंडातून एकदा निघून जातं. एकोणीस दिवस नाही.

भाऊ: नंतर वाटायला लागलं, बरंच झालं. बोका इथे राहिला की त्या फ्रेमवाल्याचं नावही इथेच राहील. तिकडे आम्ही दोघंच.

ताई: आणि ती? काय म्हणाली?

भाऊ: काही नाही. पण बहुतेक रोज जेवण झालं की फोन घेऊन गॅलरीत. परवा ती आंघोळीला गेली तेव्हा मी फोन बघितला. अकरा वेळा लावलाय त्याला. त्याआधी एकदाही नाही.

ताई: मग ते अकरा फोन तूच लावलेस. आपल्या हातानं दार उघडून दिलंस आणि आता पोटात दुखतंय म्हणून माझ्याकडे आलास.

भाऊ: कळतंय गं. पण आता कागद काढू कसा? सापडला म्हणून सांगू?

ताई: सापडला म्हणालास तर माझ्या दारात पाय ठेवू नकोस. पिंजरा न्यायला ती येईलच आता. काढ बाहेर. मशीनवर नको, तेल लागेल. इथे, कापडावर ठेव.

(दार ढकलून बायको आत येते.)

बायको: ताई, झालं का अस्तर? अरे, तू इथे? कामावर नाही गेलास?

ताई: अर्धं झालंय. बस तू. याला काहीतरी द्यायचंय तुला.

भाऊ: हा कागद. त्यानं त्याच दिवशी सही केली होती. मी खोटं बोललो.

बायको: कोपरा दुमडलाय. चालेल तसा.

भाऊ: तू काहीच का म्हणत नाहीस?

बायको: मला माहीत होतं. तू ‘नाही केली’ म्हणालास, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्याला फोन केला. भांडायलाच केला होता. तो म्हणाला, अगं, सही तर तेव्हाच करून दिली.

भाऊ: पहिल्याच फोनला कळलं?

बायको: हो.

भाऊ: मग बाकीचे दहा कशाला?

ताई: अरे, आता तरी गप्प बस.

बायको: विचारू दे, ताई. दुसरा कागद मागायला केले. दर वेळी तो म्हणाला, एक दिलाय, तो तुमच्याच घरात आहे, नवऱ्याकडे माग. एक-दोन मिनिटांत संपायचं बोलणं. फोन बघितलास तर ते नाही दिसलं?

भाऊ: दिसलं.

बायको: दिसलं ना.

भाऊ: मला का नाही विचारलंस?

बायको: रोज सकाळी वाटायचं, आज देईल. बॅग दाराशीच असायची तुझी. मनात आलं असतं तर काढून घेतला असता. मला तो काढून घ्यायचा नव्हता.

भाऊ: आणि उद्यापर्यंत दिला नसता तर?

बायको: तर परवा माझं तिकीट रद्द केलं असतं.

ताई: हे घ्या पेन. जे काय बोलायचं ते घरी बोला, आधी कागद भरा. नव्या मालकाचा रकाना मोकळाच आहे.

भाऊ: दोन नावं चालतात इथे. दोन ओळी आहेत.

बायको: वरच्या ओळीत माझं लिही.

भाऊ: लिहिलं. आणि खाली?

बायको: खालची ओळ राहू दे. तिकडे पोचल्यावर बोक्याची पुन्हा नोंद करावी लागते. तुझं नाव तेव्हा बघू.