डावीकडच्या पट्ट्या

दवाखान्यात नंबर यायला अवकाश होता. एका बाकावर लहान लाकडी जहाजं बनवणारे एक म्हातारे कारागीर आणि त्यांची मुलगी बसले होते. अर्धवट झालेलं एक जहाज म्हाताऱ्यांच्या मांडीवर होतं. त्यांच्या समोर बसलेली, रिपोर्ट न्यायला आलेली एक तरुणी आधी नुसती जहाजाकडे पाहत होती. मग तिचे कानही तिकडे लागले.

“बाबा, सांगाड्यावर पट्ट्या कशा बसवायच्या म्हणून शिकवलंत मला?”

“एक उजवीकडे, की लगेच एक डावीकडे. आधी गोंद, वर खिळे. एकाच बाजूला ठोकत सुटलं तर कणा वाकतो. आता तू माझी परीक्षा घेणार?”

“मग हा कणा वाकला कसा?”

“लाकूड ओलं असेल.”

“उजवीकडे नऊ पट्ट्या आहेत. डावीकडे नुसत्या फासळ्या.”

“काहीतरीच तुझं. डॉक्टर भेटले की आधी तुझे डोळे दाखवू.”

“हात फिरवून बघा.”

“हा फिरवला. एक खिळा वर आलेला सापडला तर नाव बदलीन.”

“ही उजवी बाजू झाली. आता दुसरीकडे फिरवा.”

“दुसरीकडे म्हणजे कुठे?”

मुलगी त्यांच्या उजवीकडून उठली, डावीकडे येऊन बसली आणि त्यांचा डावा हात तिने घट्ट धरला.

म्हाताऱ्यांनी उजवीकडच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, मग त्याच बाजूच्या दाराकडे.

“अगं, कुठे गेलीस?”

“इथेच आहे, बाबा.”

“मग दिसशील अशी बस ना,” म्हातारे दाराकडेच बघत म्हणाले.