कॉम्प्युटरला दोन्हीकडून कुंकू

...अन ऊन म्हणाल तर त्या दिवशी असं, की पत्र्यावर पापड टाकावा अन भाजून उचलावा. दसरा होऊन आठ दिवस झालते तरी वारं म्हणून न्हाई, अन तसल्या उन्हात मी, पाटोद्याचा किराणेवाला मन्मथप्पा, सत्तरी उलटलेला माणूस, भर दुपारी टेबलाखाली घुसलेलो, तोंडात काडीपेटीची काडी, हातात वायर... तुमी म्हणाल, अप्पा, कावून? सांगतो. दमानं सांगतो, घाई मला जमत न्हाई.

आमची नात शिवानी, दहावीला. पुण्याचा एक सर कॉम्प्युटरमधून गणित शिकवतो, त्याच्या वर्गात ही परीक्षा देऊन घुसली, सगळ्या तालुक्यातून एकटी. आता त्या सराचा नियम असा, की हजेरी तोंडानं द्यायची. आवाज आला तर हजर, न्हाई आला तर गैरहजर, अन तीनदा गैरहजर म्हणजे नाव कट. दसऱ्यापस्नं पोरीच्या दोन गैरहजऱ्या पडल्या. पोरगी समोर बसलेली, सर दिसतोय, पोरं दिसतायत, सगळं हाय, पण आवाज न्हाई.

तिसऱ्या तासाच्या दिवशी, म्हणजे त्याच दुपारी, सर पडद्यावर तोंड हालवतोय अन सारखा कानाला हात लावतोय. आमची बायको शांतादेवी म्हणली, "अवो, त्यो बिचारा कावून माफी मागतोय? चूक आपली हाय."

चूक आपली हे बरोबर, पण कुणाची आपली, हे तिला अजून ठावं नव्हतं.

शेजारचा राधाकिशन आला. एस्टीत कंडक्टर व्हता, त्याला सगळंच येतं. म्हणला, "अप्पा, रेडिओला मारायचो तशी एक थाप द्या." दिली. दोन दिल्या. सगळं हाय, पण आवाज न्हाई.

मग शिवानीनं रवीला फोन लावला, कॉम्प्युटर ह्यानंच बसवलेला, अन हा नेमका मांजरसुंब्याला गेलेला. रवी म्हणला, "आजोबा, एकदम सोपं हाय. डब्याच्या मागं बघा. हिरवी पिन हिरव्या भोकात, ती स्पीकरची. गुलाबी पिन गुलाबी भोकात, ती माईकची. बस."

मला वाचता येत न्हाई, पण रंग कळतात. म्हणून मी घुसलो खाली, चष्मा लावला, बघितलं, परत बघितलं. म्हणलं, "बाळा, इथं सगळी भोकं लाल हायत."

रवी म्हणला, "लाल नसतंय आजोबा."

"अरं हाय ना, मी बघतोय की."

तर झालतं काय, खंडेनवमीला आमच्याकडं तराजू, मापं, अडकित्ता, सगळ्यांची पूजा असती. औंदा कॉम्प्युटर नवा, त्याला कसा वगळायचा? शांतादेवीनं आधी वायरी उपसून डबा पुसला, मग तिला त्याचं तोंड कंचं अन पाठ कंची हे उमजंना, म्हणून तिनं तो दोन्हीकडून पुजला. ओलं कुंकू, एकेका भोकाला एकेक बोट, एक सुदिक उपाशी ठेवलं न्हाई. अन वायरी परत खोचल्या, जिथं बसंल तिथं.

"देवाला कधी कमी केलं न्हाई मी," ती म्हणली.

वर शिवानी पडद्याला डोळे लावून. हजेरी सुरू झालती, पडद्यावर एकेक नाव पिवळं व्हतंय. "आजोबा, नऊजण राहिले." मी काडीला धोतराचं टोक गुंडाळलं, तेलात बुडवलं अन एकेक भोक साफ करायला लागलो. पन्नास वर्षं डाळीतले खडे निवडले मी, मला कुंकवाचं काय? "आजोबा, चार राहिले." वरून राधाकिशन, "अप्पा, जरा हात चालवा." अरं, हात चालवून खडा निघतो का? पहिलं भोक निळं निघालं, ते आपलं न्हाई. दुसरं हिरवं. "आजोबा, पुढचं माझंच." तिसरं गुलाबी. हिरव्यात हिरवी, गुलाबीत गुलाबी... खट्.

अन आवाज आला की हो. खोलीभर. "शिवानी, आवाज येतोय का माझा?"

पोरीला रडूच फुटलं, तोंडातनं शब्द निघंना. सर थांबलाय, अन कुणी एवढं विचारतंय तर गप बसावं का? माईक लोंबकळत माझ्याच तोंडाशी आलता. मी म्हणलं, "येतोय की सर, लई चांगला येतोय. जेवण झालं का तुमचं?"

चाळीस पोरं त्या डबड्यातनं एकदम हसली. सर म्हणला, "हे कोण? वर्गात फक्त विद्यार्थी बसतील. आपण कृपया बाहेर जा."

तेवढ्यात शिवानीनं डोळे पुसले, माईक ओढला अन म्हणली, "हजर, सर." नाव राहिलं पोरीचं. मी आपला निघालो अन बाहेर ओट्यावर येऊन बसलो, गुडघ्याला माती, बोटाला कुंकू. राधाकिशन मागनं आला, शेजारी टेकला अन म्हणला, "अप्पा, सत्तर वर्षांत एकदा वर्गात गेलात, अन पहिल्याच वाक्याला मास्तरनं बाहेर काढलं."