सुपातलं लेकरू

चान : बोचकं सोडा ते, बाबा. बाळंतिणीला शेकोटीजवळून उठता येत नाही, म्हणून माझ्या डोळ्यांदेखत बांधता होय?

इन : चोरून जायला मी काय पाप केलंय? सुखोथाईच्या वेशीचा नाईक मी. आता इथे राज्य अयुथ्येचं. आज दुपारी देवळात त्यांची तलवार बुडवलेलं पाणी प्यायचं आणि म्हणायचं, तुमचा राजा तोच आमचा. नाही प्यायलो तर मान उडवतील. त्यापेक्षा उत्तरेला, च्यांग माईला गेलेलं बरं.

चान : आणि मी?

इन : तुला नवरा आहे. अयुथ्येचाच आहे, तुला कोण हात लावतंय?

चान : अजून थोंग म्हणून हाक मारत नाही तुम्ही त्याला. रीतीप्रमाणे सासऱ्याच्या घरी नांदायला आला बिचारा. बाळ झाल्यापासून ही शेकोटी विझू दिलेली नाही त्याने.

इन : लाकडं बरी फोडतो. नाही कुठे म्हणतोय मी?

पेंग : झालं बापलेकीचं? मी सुईण आहे, पंच नव्हे. बाळाला सुपात घेतलंय, आता गप्प बसा. (सूप हलकेच हलवते.) तीन दिवस भुताखेतांचं, चौथ्यापासून माणसांचं. बोला, कुणाचं हे लेकरू?

चान : बाबा, बोला ना.

इन : मी कशाला? त्याच्या बापाला बोलवा.

पेंग : आईबापाने बोलून चालतं का? घरातलं जुनं खोड लागतं. चानच्या वेळी तुझी सासू बोलली होती. आणि 'माझं' म्हणणाऱ्याने पुढे सांभाळायचं असतं. म्हणून निघून जाणाऱ्याला भुतं जुमानत नाहीत.

इन : अक्का, कोंडीत पकडतेस मला.

पेंग : मी कुठे? तुझ्या नातीने पकडलंय. सोडव बोट, सुटत असेल तर.

चान : बाबा, मला भीती वाटते. तुम्ही नसलात तर ही सुखोथाईची की अयुथ्येची, हे लोक ठरवत बसतील.

इन : नाक बापाचं आलंय. कपाळ मात्र तुझ्या आईचं. सुंदर आहे गं पोर.

पेंग : हात भरून आला माझा. कुणाचं लेकरू?

इन : माझं. माझं आहे ते.

चान : मग बोचकं?

इन : थोंगला हाक मार, पोरी. देवळात येऊ दे माझ्याबरोबर. ते पाणी पिताना शेजारी आपलं माणूस असलेलं बरं.