मी आलो

आमची सई मराठी बोलायला लागली ती एका घोडीमुळे. हसू नका, सांगतो.

गेल्या वर्षी इथं आखातात, उम्म सलाल गावाजवळच्या एका फार्मवर तिच्यासाठी वेल्श पोनी घेतली आणि तिथंच ठेवली. दोन वर्षांची, करड्या रंगाची आणि इतकी बुजरी, की माणूस दिसला की तबेल्याच्या कोपऱ्यात तोंड घालून उभी राहायची. तिथला सांभाळणारा म्हणाला, "साब, इसको हाथ मत लगाओ. बस पास बैठके बात करो." मग सई रोज संध्याकाळी बादली पालथी घालून तिच्याजवळ बसायला लागली.

महिन्याभरानं मी एकदा तिला न्यायला जरा लवकर पोचलो, तर आतून आवाज आला, "घाबरू नको. मी आलो. मी गाजर आणलो."

मी दाराशीच थांबलो. घरी आम्ही मराठीत विचारायचं आणि हिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं, यात बारा वर्षं गेलेली. आणि इथं ती मराठीत बोलतेय आणि पोनी तिच्या हातातून गाजर खातेय.

परतताना गाडीत विचारलं, "तिच्याशी मराठीत बोलतेस, मग आमच्याशी का नाही गं?"

खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बाबा, शी डझन्ट लाफ."

मग आठवलं. एकदा गणपतीत घरभर पाहुणे असताना ती "मी आलो" म्हणाली होती. सगळे हसले होते, आणि सगळ्यात मोठ्यानं मी.

हल्ली दार उघडून ती "बाबा, मी आलो" म्हणते. मी एवढंच म्हणतो, "ये."