बटण नावाच्या भावाबाबत

जबाब देणाराचे नाव ओळखपत्रावरून नोंदवून घेतले आहे. वय ४१ वर्षे. धंदा लिफ्टची देखभाल व दुरुस्ती. राहणार दवाखान्यामागील इमारत, तिसरा मजला.

मी ठाण्यात स्वतः हजर राहून सांगतो की, वरील पत्त्यावर मी, माझी आई व माझी थोरली बहीण असे तिघे राहतो. बहिणीला मी ताई म्हणतो. माणसाच्या मेंदूत आठवण कशी टिकते, यावर ती संशोधन करते. तिच्या संस्थेतील लिफ्ट माझ्याकडेच असल्याने तिच्या प्रयोगशाळेत माझे जाणे-येणे आहे. तिथल्या उंदरांची बडदास्त माझ्यापेक्षा चांगली असते, हे मी तिला पुष्कळदा ऐकवले आहे.

तिचे काम मला समजले तेवढे सांगतो. मेंदूतल्या पेशी एकमेकींना भिडतात, तिथला जोड घट्ट झाला की आठवण टिकते. घट्ट व्हायला प्रथिने लागतात. पण आठवण काढली की तोच जोड काही तास सैल पडतो आणि पुन्हा आवळायला नवी प्रथिने लागतात. ताईचे औषध ती तयारच होऊ देत नाही. मी तिला म्हणालो, "म्हणजे नट सैल करायचा आणि पाना लपवून ठेवायचा." ती म्हणाली, "तसंच. पण नट सैल झाल्याशिवाय पाना लपवून काही होत नाही." म्हणजे औषध घेतल्यावर माणूस जी आठवण काढील तेवढीच जाते, बाकीच्यांना धक्का लागत नाही.

तिने मला एक उंदीर दाखवला होता. पेटीच्या एका कोपऱ्यात त्याला विजेचे झटके दिले होते, ती आठवण नंतर पुसली होती. उंदीर खुशाल त्या कोपऱ्यात जाऊन बसला व मिशा साफ करू लागला. पण त्याच्या अंगावरचे केस ताठ उभे होते. मी विचारले तेव्हा ताई म्हणाली, "सगळं जात नाही. काय राहतं ते मलाही अजून कळलेलं नाही."

गेल्या महिन्यात तिने मला माझ्याच आवाजातले ध्वनिमुद्रण ऐकवले. त्यात मी लहानपणी कुत्रा चावल्याची हकीकत हसत हसत सांगत होतो. तो आवाज माझा होता, हसणेही माझेच. पोटरीवर व्रण आहे, तो मी पाहिला. परंतु मला कुत्रा कधीही चावलेला नाही. ताई म्हणाली, "तूच हो म्हणालास. चहातून घेतलंस, कडू लागला म्हणून माझ्या नावानं खडे फोडलेस." तेव्हा पहिल्यांदा मला माझ्या सख्ख्या बहिणीची भीती वाटली.

आज सकाळी तिने मला व आईला चहा दिला. अर्धा कप पोटात गेल्यावर तो कडू आहे हे माझ्या लक्षात आले. ताई समोर बसली व म्हणाली, "आज बटणबद्दल बोलू या. तो दिवस सांग." बटण हा आमचा सर्वांत धाकटा भाऊ. तो हयात नाही. मी कप खाली ठेवला. आमच्यात झालेले बोलणे असे.

"आईलाही दिलंस?"

"आई रोज थोडी थोडी मरतेय. तुला दिसत नाही का?"

"आणि बटण?"

"बटण गेलाय रे. आई आहे अजून."

"आणि तू? तू नाही घेतलंस?"

"मी शेवटी घेणार. काय विसरायचंय ते तोवर कोणाच्या तरी लक्षात राहायला हवं."

ती रडत होती. ती वाईट बाई नाही, हे मुद्दाम लिहावे. मी आईला हाताला धरून बाहेर काढू लागलो, तर आई म्हणाली, "चहा गार होतोय माझा, सोड." मी एकटाच निघालो. वाटेत एकही आठवण येऊ नये म्हणून दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत आलो. लोक बघत होते.

माझे म्हणणे असे की, पोलिसांनी ताबडतोब घरी यावे व आईला त्या दिवसाबद्दल बोलू देऊ नये. ठाणे अंमलदारांनी विचारले की, कोणता दिवस, कोणता भाऊ. मी म्हणालो, "साहेब, उद्या सांगतो, औषध उतरू द्या." ते म्हणाले, "मूळ घटनाच नसेल तर मी माणूस कशाच्या जोरावर पाठवू? अर्धा जबाब घेता येत नाही." त्यांचेही बरोबर आहे. आईची आठवण वाचावी म्हणून मी माझी सांगून टाकत आहे. मात्र बटणची एक गोष्ट मी सांगणार नाही. ती माझ्याकडे राहू द्यावी.

त्याला बटण म्हणत, कारण रांगत असताना त्याने माझ्या शर्टाचे बटण गिळले होते. आई दोन दिवस त्याच्या मागे भांडे घेऊन फिरत होती. तो माझ्याच हाताखाली लिफ्टचे काम शिकला. उंचीला घाबरायचा, पण कबूल करायचा नाही. लिफ्टच्या खोल शाफ्टमध्ये उतरताना भलतेच विनोद सांगायचा. घरात आईशी त्याचेच जमायचे. आईने मला मारले की मी रडायचो, त्याला मारले की तो आईला हसवायचा.

चार वर्षांपूर्वी एका संध्याकाळी टीव्हीचा रिमोट चालेना. आईची मालिका सुरू व्हायची होती. आई त्याला म्हणाली, "जा रे, पटकन सेल घेऊन ये." तो चपला न शोधता माझ्या चपला घालून गेला. परत येताना वळणावर ट्रकने त्याला उडवले. मी धावत पोहोचलो तेव्हा माझी एक चप्पल रस्त्याच्या मध्यावर होती व तो कडेला होता. मी त्याच्या डोक्याखाली हात घातला, तेव्हा केस ओले लागले. खिशातले सेल पोलिसांनी आम्हाला पाकिटात घालून परत दिले. ते आईच्या कपाटात आहेत. त्या दिवसापासून आमच्या घरी टीव्ही लागलेला नाही. आई रोज कोणाला ना कोणाला सांगते, "मीच धाडला त्याला." ऐकून ऐकून आमचा जीव जातो, हे खरे. तरी ते तिचे आहे. ते काढून घेतले तर तो आमच्या घरात कधी जन्मलाच नव्हता, असे होईल.

मी नंतर येऊन काही वेगळे सांगितले, तर हाच जबाब खरा धरावा, ही विनंती.

(येथवर लिहून झाल्यावर ठाणे अंमलदारांना अपघाताच्या ठिकाणी जावे लागले. जबाब देणारा बाकावर थांबला. पुढील मजकूर सायंकाळचा.)

मला वरील मजकूर वाचून दाखवण्यात आला. ताई, चहा व दुकानांच्या पाट्या हे मला आठवते. मी ठाण्यात का आलो, ते नीट सांगता येत नाही. मला धाकटा भाऊ नाही. लिफ्टच्या कामाला मी एकटाच जातो. चपलेचा मजकूर वाचला जात असताना माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, असे अंमलदारांनी मला दाखवून दिले. गाल ओले होते. मला दुःख झाल्याचे जाणवले नाही. हकीकत ज्या कोणाची असेल, ती वाईट आहे.

हाच जबाब खरा धरावा अशी माझी विनंती त्यात आहे. ती मी कोणत्या मनःस्थितीत केली, ते सांगू शकत नाही. अंमलदारांनी मला विचारले की, न सांगितलेली गोष्ट कोणती. मला एवढेच आठवते की, आमच्या दाराशी कोणीतरी आधी दोनदा शिट्टी वाजवायचे आणि मग बेल. बहुधा शेजारचे कोणी असेल. अलीकडे ऐकू येत नाही.

अंमलदारांनी घरी माणूस पाठवतो असे म्हटले. त्याच वेळी आईचा फोन आला. तिचा आवाज इतका मोकळा मी पुष्कळ दिवसांत ऐकला नव्हता. ती म्हणाली, "अरे, टीव्ही का बंद ठेवलाय आपण? रिमोटच चालत नाही. येताना पटकन सेल घेऊन ये." मी बरे म्हणालो.

माणूस पाठवण्याची गरज नाही. माझी कोणाविरुद्ध काही तक्रार नाही. वरील सर्व मी ऐकले. अक्षर अंमलदारांचे असले तरी बोलणे माझेच दिसते, म्हणून सही करतो. दुकान बंद व्हायच्या आत मला निघायचे आहे.